नाव, अक्षर आणि वर्ग

संगणकाच्या दृष्टीने माणसाचे नाव म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या चिन्हांची ओळ होय. आज्ञावलीलेखनात अशा ओळीला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. मराठीत तिला अक्षरमाला म्हणता येईल. तिचा कोणता भाग वडिलांचा, कोणता गावाचा आणि कोणता स्वतः माणसाचा, हे संगणकाला ठाऊक नसते. ते ज्ञान आज्ञावलीत कोठे ठेवावे, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे ‘वर्ग’ ही कल्पना. ती समजून घेण्यासाठी चेन्नईच्या ग्रंथालयजगतातील एका थोर पुरुषाचे नावच उदाहरणादाखल घेता येईल.

शियाली रामामृत रंगनाथन हे १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ साली आणि द्विबिंदू वर्गीकरणपद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या नावात तीन शब्द आहेत. महादेव गोविंद रानडे या नावातही तीनच शब्द आहेत. परंतु साम्य येथेच संपते. रानड्यांच्या नावात पहिला शब्द स्वतःचा, दुसरा वडिलांचा व तिसरा आडनावाचा आहे. रंगनाथन यांच्या नावात मात्र शियाली हे तंजावर भागातील गाव, रामामृत हे वडिलांचे नाव आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव होय. त्यात आडनाव नाहीच.

आता असे समजू की, मुंबईच्या एखाद्या ग्रंथालयासाठी सभासदांची नोंद ठेवणारी आज्ञावली लिहिली गेली आणि तीच पुढे चेन्नईत नेण्यात आली. मोकळी जागा दिसेल तेथे नाव तोडावे, पहिला तुकडा संबोधनासाठी घ्यावा आणि शेवटचा तुकडा सूचीसाठी घ्यावा, असा तिचा नियम आहे. सूचीत ‘रंगनाथन, शियाली रामामृत’ अशी नोंद होईल व ती बरोबर दिसेल. मात्र हे बरोबर येणे निव्वळ योगायोगाचे आहे. पुस्तक परत करण्याचे स्मरणपत्र निघेल तेव्हा त्यावर ‘श्री. शियाली’ असे गावाचे नाव छापले जाईल. पुढे कोणी आद्याक्षरे शेवटी लिहून ‘रंगनाथन एस. आर.’ असे नाव दिले, तर सूचीतील नोंदही ‘आर’ या अक्षराखाली जाऊन पडेल.

वर्गाची कल्पना

या चुकीचे मूळ एका ओळीत नाही. सभासदपत्र, स्मरणपत्र, पावती, सूची अशा प्रत्येक ठिकाणी नाव तोडण्याचा तोच नियम पुन्हा लिहिलेला असतो. एका ठिकाणी दुरुस्ती केली तरी इतर ठिकाणी चूक तशीच राहते. माहिती एकीकडे आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया दुसरीकडे, अशी फारकत झाली की हे घडणे अपरिहार्य असते.

ही फारकत मिटविण्याचा मार्ग नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल व क्रिस्टन निगार्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात रचलेल्या सिम्युला या भाषेतून पुढे आला. माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकाच घटकात बांधाव्यात, हे त्याचे सूत्र होते. अशा घटकाचा आराखडा म्हणजे वर्ग, आणि त्या आराखड्यानुसार घडविलेला प्रत्यक्ष नमुना म्हणजे वस्तू. कोऱ्या सभासद-अर्जाचा नमुना एकच असतो, पण भरलेले अर्ज अनेक असतात. वर्ग व वस्तू यांचे नाते बरेचसे असेच आहे. फरक इतकाच की, अर्ज मुका असतो, तर वस्तूला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येते.

आपल्या उदाहरणात ‘व्यक्तिनाम’ नावाचा एक वर्ग कल्पिता येईल. नाव आत कशा प्रकारे साठविले आहे, हे तो बाहेर कोणाला दाखवीत नाही. त्याला फक्त तीन प्रश्न विचारता येतात: संबोधन कसे करावे, सूचीत नोंद कशी करावी आणि दुसरे एखादे नाव याच नावाशी जुळते काय. आतील मांडणी झाकून ठेवण्याच्या या तत्त्वाला संपुटन म्हणतात. मांडणी पुढे बदलली तरी प्रश्न तेच राहतात. म्हणून स्मरणपत्र छापणाऱ्या भागाला हात लावावा लागत नाही.

या मूळ वर्गापासून ‘मराठी नाम’ व ‘तमिळ नाम’ असे दोन वर्ग निर्माण करता येतात. दोघांनाही मूळ वर्गाचे गुण लाभतात. यास वारसा म्हणतात. परंतु संबोधनाच्या प्रश्नाला प्रत्येक जण आपल्या रीतीने उत्तर देतो: एक ‘महादेव’ सांगतो, दुसरा ‘रंगनाथन’. प्रश्न एक आणि उत्तराची रीत अनेक, या गुणास बहुरूपता म्हणतात. विचारणाऱ्याला समोरचे नाव कोणत्या रीतीचे आहे हे पाहावेही लागत नाही.

अक्षर म्हणजे काय?

नावाचे भाग समजले तरी अडचण संपत नाही, कारण अक्षरमालेतील एकेक अक्षरही दिसते तितके साधे नसते. ‘मराठी’ या शब्दात किती अक्षरे आहेत? शाळकरी मूल तीन सांगेल. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मात्र म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच संकेत साठविले जातात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक संकेतास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. तमिळ लिपीत लिहिलेल्या ‘तमिळ’ या शब्दाचा हिशेबही असाच तीन, पाच व पंधरा येतो. लांबी विचारली असता सी भाषेतील नेहमीची क्रिया पंधरा सांगते, जावा पाच सांगते आणि स्विफ्ट तीन सांगते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. चूक होते ती प्रश्न स्पष्ट न केल्यामुळे.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही. सभासदपत्रावर जागा कमी पडली म्हणून अक्षरमाला चार संकेतांवर तोडली, तर ‘मराठी’चे ‘मराठ’ होते. तमिळ लिपीत रंगनाथन हे नाव पाय मोडलेल्या न् ने संपते आणि त्या न् वर एक टिंब असते. शेवटचा संकेत गळाला की टिंब जाते व न् चा न होतो. नाव चुकते, पण यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही.

तुलनेत तर अधिक फसगत होते. तमिळमध्ये ‘गोपालन’ लिहिताना पहिल्या अक्षराची स्वरखूण व्यंजनाच्या दोन्ही बाजूंस बसते. ती एका संकेताने लिहिता येते, तशीच डाव्या व उजव्या भागांच्या दोन संकेतांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात. यंत्राला ती भिन्न वाटतात. मराठीत ‘कऱ्हाड’मधील ऱ ची गत हीच आहे: तो एक संकेत असू शकतो, किंवा र आणि नुक्ता असे दोन. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही अक्षरमाला एका ठरावीक रूपात आणाव्या लागतात. युनिकोडने त्यासाठी सामान्यीकरणाचे नियम घालून दिले आहेत.

चेन्नईत या प्रश्नाचा विचार शासनपातळीवरही झाला. तेथे १९९९ च्या फेब्रुवारीत तमिळनेट-९९ ही परिषद भरली व तमिळसाठी प्रमाण कळफलक आणि संकेत ठरले. पुढे २०१० साली तमिळनाडू शासनाने युनिकोडबरोबरच टेस-१६ या प्रणालीला मान्यता दिली. तमिळ परंपरा २४७ अक्षरे मानते: १२ स्वर, १८ व्यंजने, त्यांच्या संयोगाची २१६ आणि आय्दम हे एक. तेथे स्वराला प्राण, व्यंजनाला देह आणि दोहोंच्या संयोगाला प्राणदेह अशा अर्थाची नावे आहेत. युनिकोडमध्ये शुद्ध व्यंजनास दोन संकेत लागतात, तर ‘क’ या संयुक्त अक्षरास एकच. टेस-१६ मध्ये प्रत्येक अक्षराला स्वतंत्र संकेत आहे.

कोणती रचना श्रेष्ठ, याचा निर्णय येथे आवश्यक नाही. अक्षरमालेचा वर्ग नीट रचला असेल, तर ‘अक्षरे किती’ या प्रश्नाला त्याने दोन्ही प्रणालींत तीनच हे उत्तर द्यावे. आतला साठा निराळा असला तरी बाहेरचे वचन एकच राहावे, हीच संपुटनाची कसोटी होय.

वाचकाचा वेळ वाचवावा, असा रंगनाथन यांच्या पाच नियमांपैकी एक आहे. ज्या सभासदाचे नाव नोंदवहीत असूनही यंत्राला सापडत नाही, त्याला खिडकीपाशी ताटकळावे लागते आणि आपली ओळख पुन्हा सिद्ध करावी लागते. नाव कसे लिहावे हे त्याला पक्के ठाऊक असते. ते समजून घेण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्याची आहे, आणि ती एकाच ठिकाणी, नीट पार पाडता यावी यासाठी वर्गाची योजना आहे.