बाबागाडीआधी लिफ्टचं दार मोजा

धाकटा तीन महिन्यांचा, थोरली अडीच वर्षांची, आणि नवऱ्याच्या घरी परतायच्या वेळेचा नेम नाही. अशा घरात दोन मुलांची बाबागाडी चैनीची वाटत नाही. मुंबईतल्या चारकोपच्या एका कुटुंबात तर ती आयतीच आली. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या आत्याने भाचरांसाठी कौतुकाने आणली होती. शेजारी शेजारी दोन आसनं, वर दोन छतं, मागे बाटल्यांचा कप्पा. हॉलमध्ये उघडली तेव्हा थोरली लगेच चढून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लिफ्टपाशी अडली. मग टेप आणली. गाडी ७८ सेंटीमीटर रुंद, लिफ्टचं दार ७०.

शेजारी-शेजारी आसनांच्या गाड्या साधारण ७५ ते ८० सेंटीमीटर रुंद असतात. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे सहा माणसांच्या, म्हणजे ४०८ किलोंच्या लिफ्टचं दार ७० सेंटीमीटरचं धरलेलं आहे आणि आठ माणसांच्या लिफ्टचं ८०. अमेरिकेत डिस्नेच्या थीम पार्कांनी २०१९ पासून बाबागाडीला सुमारे ७९ सेंटीमीटर रुंदीची मर्यादा घातली. बऱ्याच कंपन्या तेव्हापासून तेच माप मिरवतात. चारकोपच्या सोसायट्यांना ते कुणी कळवलेलं नाही!

आणि लिफ्ट आहे हेही गृहीत धरू नये. चारकोपचा मोठा भाग १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने आखलेल्या लहान लहान भूखंडांवर उभा आहे. मधल्या मोकळ्या चौकाभोवती ओळीने घरं, त्यांवर पुढे चढलेले मजले. अशा घरांत जिना अरुंद आणि उभा. गाडी खाली ठेवावी तर चौकात स्कूटर, सायकली, कुंड्या यांची आधीच दाटी, आणि पावसाळ्यात भिजलेलं कापड चार-चार दिवस वाळत नाही.

एकामागे एक आसनांची गाडी दारातून निघते, हे खरं. पण तिची लांबी मीटरच्या वर जाते आणि सहा माणसांच्या लिफ्टची खोली जेमतेम १०० सेंटीमीटर. शिवाय अशा बहुतेक गाड्यांत एक आसन वर आणि दुसरं खाली, जमिनीलगत असतं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्राध्यापक प्रशांत कुमार यांच्या गटाने मुलांना शाळेत नेण्या-आणण्याच्या वाटेवर बाबागाड्यांतली हवा मोजली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जोडगाडीतल्या खालच्या मुलाच्या वाट्याला वरच्यापेक्षा ७२ टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण आलेलं दिसलं. लिंक रोडच्या सिग्नलला रिक्षा आणि बसच्या धुराची नळी नेमकी किती उंचीवर असते, ते एकदा उभं राहून पाहावं.

तान्ह्यासाठी आणखी एक अट आहे आणि तिच्यात तडजोड नको. युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार सहा महिन्यांखालच्या बाळाच्या आसनाची पाठ किमान १५० अंश उघडली पाहिजे, म्हणजे बाळ जवळजवळ आडवंच हवं. मान न धरणारं बाळ उभट आसनात झोपलं तर हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास कोंडू शकतो. जोडगाडीत पुष्कळदा एकच आसन असं उघडतं. कुठलं, ते दुकानात स्वतःच्या हाताने उघडून पाहावं.

आता वजन. गाडी १३ किलोंची, दोन वर्षांचं मूल १२ किलोंच्या आसपास, चार महिन्यांचं बाळ साडेसहा. साडेएकतीस किलो झाले, भाजीची पिशवी वेगळीच. मॉलच्या गुळगुळीत फरशीवर हे जाणवत नाही; उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर, उंच झालेल्या गटाराच्या झाकणावर आणि फुटपाथ संपतो तिथल्या पायरीवर पहिल्याच फेरीत जाणवतं. भाजीची पिशवी दांड्याला अडकवायची नाही, कारण थोरलं मूल उडी मारून उतरलं की गाडी मागे कलंडते. रिक्षात तर घडी केलेली जोडगाडी आडवी ठेवली की पाय ठेवायला जागा उरत नाही.

त्या मानाने मेट्रो बरी. २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या मार्गावरच्या डहाणूकरवाडी स्थानकाला लिफ्ट आहे. प्रश्न आहे तो घरापासून त्या लिफ्टपर्यंतच्या वाटेचा.

घडी घालण्याबद्दल फार कमी बोललं जातं. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख बाबागाड्या परत मागवल्या, त्यांत जोडगाड्याही होत्या. बिजागरीत बोटाचं टोक तुटल्याच्या बारा घटना तोवर नोंदल्या गेल्या होत्या. दोन मुलांच्या आईला हा धोका दुप्पट, कारण घडी घालायच्या क्षणी थोरलं मूल तिच्या पायाशीच उभं असतं, बहुधा मदत करायच्या उत्साहात. जुनी गाडी घेताना बिजागरीवर झाकण आहे का, हे आधी पाहावं.

मग घ्यावं काय? दोन मुलांत दोन-अडीच वर्षांचं अंतर असेल तर चारकोपसारख्या वस्तीत जोडगाडी बहुतेकांना परवडत नाही, पैशाने नव्हे, जागेने. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी थोरल्यासाठी आणि छातीशी बांधायचा कॅरिअर धाकट्यासाठी, ही जोडी जिन्यावर, रिक्षात आणि बाजारात चालते. बाळाचं तोंड मात्र कॅरिअरमध्ये सतत उघडं आणि आपल्या नजरेसमोर राहिलं पाहिजे. जुळी असतील, घर तळमजल्यावर असेल किंवा इमारतीची लिफ्ट खरोखर मोठी असेल, तर जोडगाडी जरूर घ्या. तीही फार वर्षं पुरत नाही. अनेक गाड्यांच्या आसनाला १५ किलोंची मर्यादा असते आणि साडेतीन-चार वर्षांचं मूल ती ओलांडतं.

दुकानात जाताना घराचं दार, लिफ्टचं दार आणि लिफ्टची खोली ही तीन मापं लिहून न्या. तिथे एका हातात बाळ धरून दुसऱ्या हाताने गाडी मिटवून, उचलून पाहा. दुकानदार तेवढं करू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.