बालशाळेचे शुल्क : स्वीडनमधील आकारणी व सवलती

घराबाहेर काम करणाऱ्या मातेची मिळकत आणि तिच्या गैरहजेरीत मूल सांभाळण्यास येणारा खर्च यांची वजाबाकी प्रत्येक घरात महिनाअखेर होत असते. हाती काही उरत नसेल तर नोकरी सुटते, आणि ती बहुधा आईचीच सुटते. सार्वजनिक बालशाळांचे शुल्क ठरविताना हा हिशेब विचारात घेऊन स्वीडनने २००२ साली स्वीकारलेली पद्धत म्हणूनच अभ्यासण्याजोगी आहे.

स्वीडनमध्ये १ ते ५ वर्षे वयाच्या बालकांसाठी बालशाळांची सोय करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर असते. खर्चाचा मोठा भाग करांतून भागविला जातो. पालकांकडून अल्प हिस्सा घेतला जातो. २००१ पर्यंत हा हिस्सा किती असावा हे प्रत्येक नगरपालिका आपल्यापुरते ठरवीत असे. कोठे उत्पन्न पाहिले जाई, तर कोठे मूल किती तास शाळेत राहते हे. परिणामी, सारख्या मिळकतीच्या दोन कुटुंबांस केवळ गाव वेगळे म्हणून वेगवेगळे शुल्क पडत असे. याहून गंभीर बाब अशी की, अर्धवेळ काम करणारी माता पूर्णवेळ कामास लागली म्हणजे उत्पन्न वाढले म्हणून आणि तास वाढले म्हणूनही शुल्क चढे. त्यात कर वाढे व मिळत असलेले घरभाडे-साहाय्य घटे. अधिक श्रमाचा मोबदला अशा रीतीने वाटेतच विरून जाई.

१ जानेवारी २००२ पासून ‘कमाल शुल्क’ पद्धत लागू झाली. ती ऐच्छिक होती. तथापि, ती स्वीकारणाऱ्या नगरपालिकांना बुडालेल्या शुल्काची भरपाई म्हणून शासकीय अनुदान देण्यात आले आणि २००३ पर्यंत सर्व नगरपालिकांनी ती स्वीकारली. आकारणीचे सूत्र साधे आहे. कुटुंबाच्या करपूर्व मासिक उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ३ टक्के पहिल्या बालकासाठी, २ टक्के दुसऱ्यासाठी, १ टक्का तिसऱ्यासाठी. चौथ्यापासून पुढे शुल्क नाही. येथे ‘पहिले’ बालक म्हणजे सर्वांत धाकटे, हे लक्षात ठेवले पाहिजे. भावंडांची सवलत मोठ्यांना मिळते. थोरले मूल शाळेत गेले की गणनेतून सवलतीचेच बालक कमी होते, धाकट्याचा दर बदलत नाही.

उदाहरणार्थ, मासिक उत्पन्न ३०,००० क्रोनर व बालशाळेत तीन मुले असतील, तर शुल्क ९००, ६०० व ३०० मिळून १,८०० क्रोनर होते. सवलत नसती तर २,७०० द्यावे लागले असते. दोन मुलांच्या मातेने कामाचे तास वाढवून घरात ६,००० क्रोनर अधिक आणले, तर शुल्क ३०० नेच वाढते. दराला पायऱ्या नाहीत, उतार आहे.

विचारात घ्यावयाच्या उत्पन्नालाही मर्यादा घालण्यात आली. आरंभी ती ३८,००० क्रोनर होती. म्हणजे पहिल्या बालकाचे शुल्क १,१४० क्रोनरच्या वर जात नसे. यावर आक्षेप आला तो रास्तच होता. महिना ६०,००० क्रोनर मिळविणाऱ्या घरास हे शुल्क १.९ टक्केच पडले, आणि पूर्वी भरमसाट शुल्क भरणाऱ्या सधन कुटुंबांची बचत सर्वाधिक झाली. २०१५ पासून ही मर्यादा उत्पन्नवाढीच्या निर्देशांकाशी जोडण्यात आली आहे.

पालकांना काम नसले तरी बालकाचा शाळेवरील हक्क जाऊ नये, यासाठी २००१ पासून बेरोजगार पालकांच्या मुलांना आठवड्यास किमान १५ तास देण्यात आले. २००३ पासून ४ व ५ वर्षांच्या, तर २०१० पासून ३ वर्षांच्याही बालकांना वर्षास किमान ५२५ तास निःशुल्क मिळू लागले.

आपल्याकडे अंगणवाडीस शुल्क नाही. राष्ट्रीय पाळणाघर योजनेच्या २०१७ च्या दरपत्रकात मात्र दर बालकामागे मासिक शुल्क होते : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास २० रुपये, आईवडिलांचे मिळून उत्पन्न १२,००० रुपयांपर्यंत असल्यास १००, त्यापुढे २००. (२०२२ मध्ये ही योजना ‘मिशन शक्ती’खालील ‘पाळणा’ योजनेत विलीन झाली.) हे दर स्वीडनच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी हलके होते, अडचण होती ती पायरीची. दोन मुले पाळणाघरात असलेल्या कुटुंबाची मिळकत ११,९०० वरून १२,१०० झाली, की शुल्क २०० वरून ४०० होई. वाढलेले २०० रुपये पाळणाघरातच जमा होत. पंचायतीने वा नगरपालिकेने स्वतःच्या पाळणाघराचे दरपत्रक तयार करताना प्रत्येक टप्प्याच्या सीमेवर दोन मुलांचे घर ठेवून असा हिशेब करून पाहता येईल. पहिल्या मुलास ३ व दुसऱ्यास २ टक्के असा उतार असता, तर त्याच २०० रुपयांच्या वाढीवर शुल्क १० रुपयांनी वाढले असते.