चाकांबद्दल, मनूला

जुने महाराष्ट्र सदन,
कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली



तुझा प्रश्न एका ओळीचा होता, म्हणून उत्तरही आधी एका ओळीत देतो. फोर्ज्ड अ‍ॅल्युमिनियमची चाकं घे, कार्बन फायबरची घेऊ नकोस. कारणं खाली लिहिली आहेत. ती वाचल्याशिवाय पैसे भरू नकोस, कारण ‘फोर्ज्ड’ म्हणून जे विकलं जातं ते सगळंच फोर्ज्ड नसतं.

माझं आयुष्य पुण्यात फोर्जिंगच्या कामात गेलं, म्हणून मामा धातूचीच बाजू घेणार, असं तुला वाटेल. तसं नाही. कार्बनचं चाक ही माणसाच्या हातून झालेली फार देखणी वस्तू आहे. पोर्शेने २०१७ मध्ये ९११ टर्बो एस एक्सक्लुझिव्ह सिरीजसाठी अशी चाकं आणली, तेव्हा त्यांचे तंतू विणायला सुमारे नऊ मीटर व्यासाचं यंत्र वापरलं होतं. चाक वेणीसारखं गुंफायचं, त्यात रेझिन भरायचं, दाबाखाली आणि उष्णतेत पिकवायचं. फोर्डच्या शेल्बी जीटी३५०आरचं कार्बनचं चाक सुमारे आठ किलोचं होतं, त्याच मापाचं अ‍ॅल्युमिनियमचं पंधराच्या आसपास गेलं असतं. चाक हलकं झालं की स्प्रिंगखालचं वजन घटतं, टायर रस्त्याला जास्त चिकटून राहतो आणि स्टिअरिंग बोलकं होतं. हे सगळं खरं आहे.

पण ‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ हे जे तुला कुणीतरी सांगितलंय, ते सोडून दे. फिरणाऱ्या चाकाच्या अगदी कडेला असलेलं वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट मोजावं लागतं, त्याहून जास्त नाही. आता हिशेब कर. त्या पोर्शेवर चारही चाकं मिळून साडेआठ किलो वाचत होते, तेही त्याच गाडीच्या नेहमीच्या अ‍ॅलॉय चाकांच्या तुलनेत. दुप्पट धरले तरी सतरा किलो. सोळाशे किलोच्या गाडीत हा एक टक्का झाला. किंमत होती पंधरा हजार युरोंच्या पुढे. तेवढ्या पैशांत तुझे चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ट्रॅकवर शिकवणाऱ्या माणसाचे बरेच तास निघतील, आणि लॅप टाइम त्यानेच जास्त खाली येईल.

पैसा बाजूला ठेवला तरी माझा खरा आक्षेप दुसराच आहे. चाक घेताना ते किती मजबूत आहे एवढंच पाहायचं नसतं. मार खाल्ल्यावर ते काय करतं आणि त्याला काय झालंय हे तुला कसं कळणार, हे आधी विचारायचं. कार्बनची चाकं ठिसूळ असतात, आपटली की काचेसारखी फुटतात, ही अफवा आहे. नामांकित कंपनीचं चाक फुटपाथच्या कडेची आणि खड्ड्याची चाचणी पार करूनच बाहेर पडतं. अडचण त्या फटक्यानंतर सुरू होते. आतले थर एकमेकांपासून सुटले, तरी वरचं लॅकर जसंच्या तसं चमकत राहू शकतं. ते पाहायला अल्ट्रासाऊंड लागतो आणि त्या विशिष्ट चाकाची रचना ठाऊक असलेला माणूस लागतो. नाण्याने ठोकून आवाज ऐकायची पद्धत सपाट पत्र्यासारख्या भागाला चालते, जाड आऱ्याला तिचा भरवसा नाही. गुरुग्राममध्ये रात्री अकरा वाजता, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आपटल्यावर तू ते कोणाला दाखवणार आहेस?

फोर्ज्ड अ‍ॅल्युमिनियम बहुधा आधी वाकतं. स्टिअरिंग थरथरायला लागतं, टायरमधली हवा उतरते, आतली कड दबलेली डोळ्याला दिसते. तडा गेल्याची शंका असेल तर डाय पेनिट्रंट चाचणी कर, साध्या वर्कशॉपमध्येही होते. जागा स्वच्छ पुसायची, लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरचा रंग पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर त्या पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ हळूहळू उमटते. मी हजारो भागांवर ती रेघ शोधली आहे. ती दिसली की चाक भंगारात, तिथे वेल्डिंगची भाषा नको.

आणखी एक. करोल बागेत किंवा काश्मिरी गेटला कुणी ‘टॉर्च मारून रिम सरळ करून देतो’ म्हणालं तर तिथून निघ. अ‍ॅल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या उपचारात असते. सहसा वापरतात त्या ६०६१ मिश्रधातूला पाचशेच्या वर तापवून पाण्यात विझवतात, मग पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास पिकवतात. गॅसच्या ज्योतीने ते सगळं पुसून जातं. चाक गोल दिसेल, पण त्या जागी ते मऊ झालेलं असेल.

तू बुद्ध सर्किटवर ट्रॅक डेला जातेस म्हणून उष्णतेबद्दलही सांगतो. तिथली मागची सरळ वाट किलोमीटरभराची आहे, आणि तिच्या शेवटी तू ब्रेकवर उभी राहतेस. अशा वेळी डिस्क पाचशे अंशांच्या पुढे सहज जाते आणि चाकाचा आतला भाग तिच्यापासून जेमतेम काही इंचांवर असतो. रेझिनला ते मानवत नाही, म्हणून फोर्डला चाकाच्या आतून सिरॅमिकचा थर द्यावा लागला. तो थर दगडाने खरवडला तर तुला कोण नवा देणार? ३० ऑक्टोबर २०११ ला याच सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्या गाड्यांचा सांगाडा कार्बनचा होता, चाकं मात्र धातूची. नियमच तसा आहे.

आता निवड कशी करायची ते ऐक. खऱ्या फोर्जिंगमध्ये तापवलेलं बिलेट हजारो टनांच्या प्रेसखाली डायमध्ये दाबतात. धातूच्या कणांची रेषा आऱ्याच्या वळणाबरोबर वळते आणि ओतकामातली पोकळी उरत नाही. फ्लो फॉर्म्ड चाकाचा मधला भाग ओतलेलाच असतो, फक्त बाहेरचा घेर रोलरने ताणलेला असतो. ते वाईट नाही, पण त्याला फोर्ज्डची किंमत देऊ नकोस. विक्रेत्याला लेखी विचार. चाकाच्या मागच्या बाजूला भारवहनाचा आकडा आणि जेडब्ल्यूएल किंवा टीयूव्हीची खूण बघ. आपल्याकडे आयएस १६१९२ हे मानक आहे. वळणाचा थकवा, भाराचा थकवा आणि आघात, या तीन चाचण्यांचा अहवाल माग. पुण्याची एआरएआय किंवा तुझ्या जवळची मानेसरची आयकॅट, अशा संस्थेचा असेल तर उत्तम. नुसता ‘इम्पोर्टेड माल आहे मॅडम’ हा अहवाल नव्हे.

मॅग्नेशियमच्या मोहात पडू नकोस. फोर्ज्ड मॅग्नेशियम आणखी हलकं असतं खरं, पण रंग उडाला की गंजतं, आणि तू गाडी पावसाळ्यात मुंबईला नेणार.

मापाबद्दल तर आग्रहच धरतो. २४५/३५ आर २० टायरची बाजूची भिंत ८६ मिलिमीटर असते. ब्रेकचा कॅलिपर आड येत नसेल तर एक इंच खाली ये, २४५/४० आर १९ घे. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो आणि भिंत ९८ मिलिमीटर होते. ही बारा मिलिमीटर हवा तुझी चाकं वाचवेल. या कोपर्निकस मार्गावरून इंडिया गेटकडे जाताना तिची गरज भासत नाही, इथलं डांबर गुळगुळीत आहे. तुझ्या सोसायटीबाहेरच्या, पट्टे न मारलेल्या स्पीडब्रेकरवर भासते.

याच कोपर्निकस मार्गावर फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित लवाद आहे. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवरून हटवण्याचा आदेश त्यानेच २०१४ मध्ये दिला. त्यावर पुढे बरीच न्यायालयीन चर्चा झाली, तरी तुझी गाडी कधीतरी जाणार हे धरूनच खर्च कर. अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येतं, पिकलेलं रेझिन वितळत नाही.

गाडी कारखान्यातून कार्बनच्या चाकांवर आली असती आणि कंपनीची तपासणीची सोय इथे असती, तर ती चाकं काढ असं मी म्हणालो नसतो. तुझ्या गाडीला ती बाहेरून लावायची आहेत, म्हणून एवढं लिहिलं.

पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट, हबचा बोअर आणि पुढच्या-मागच्या एक्सलवरचं वजन मला कळव, ऑर्डर देण्याआधी मी एकदा पडताळून पाहतो. विमा कंपनीला बदल लेखी कळव. चाकं बसवताना नट टॉर्क रेंचनेच आवळून घे, आणि शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासून घे.

तुझा,
मामा