देशी कोंबडीच्या पिलांतील नर व मादी कशी ओळखावी

भामरागड तालुक्यात अंगणात चार-दोन कोंबड्या नाहीत असे माडिया कुटुंब क्वचितच आढळेल. देवकार्य, पाहुणा आणि अडीनडीचा पैसा या तिन्ही गरजा याच कोंबड्या भागवितात. मीठ-तेलासाठी आठवडी बाजारास निघताना हाती लागेल ते दीड-दोन महिन्यांचे पिलू पुष्कळदा डालीत टाकले जाते. त्यात तलंग गेली, तर घरचे पुढील वर्षाचे बियाणेच विकले गेले असे समजावे. देशी कोंबडी वर्षास साधारणपणे ५० ते ६० अंडी देते व त्यांतलीच काही स्वतः उबवून पिले काढते. नर मात्र ८ ते १० माद्यांमागे एकच पुरतो. तेव्हा विकावयाचा तो नर आणि राखावयाची ती मादी, हे ठरविण्यापूर्वी ओळख पक्की हवी.

टोकदार अंड्यातून नर व गोल अंड्यातून मादी निघते, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. त्यात तथ्य नाही. पिलाचे लिंग कोंबडीकडून येणाऱ्या बीजावर ठरते. अंड्याच्या आकारावर अथवा उबेवर नव्हे. नर-मादींचे प्रमाण सरासरीने निम्मे-निम्मे असते, पण एखाद्या खेपेस दहांतले सात नर निघाले तरी नवल मानू नये.

मोठ्या उबवणी केंद्रांत पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळ्या करतात. पिलाचे गुदद्वार उघडून आतील बारीक उंचवटा पाहण्याची रीत जपानी शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात रूढ केली. ती दीर्घ सरावाने येते. अननुभवी हाताने पिलू दुखावते, म्हणून ती घरी करू नये. पंखांच्या पिसांची लांबी पाहण्याची रीत सोपी खरी, परंतु ती मुद्दाम तशा पैदास केलेल्या संकरित जातींपुरतीच आहे. गावठी पिलांत तिच्यावर विसंबू नये.

आपल्याकडे खरा उपाय म्हणजे थांबणे. तुलना नेहमी एकाच खेपेच्या पिलांत करावी. वयात पंधरा दिवसांचे अंतर असले की अंदाज हमखास चुकतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुरा पाहावा. नराचा तुरा उंच व गुलाबी-लाल होऊ लागतो, हनुवटीखालची लोंबती कातडी दिसू लागते आणि पाय जाड असतात. मादीचा तुरा या वयात लहान व फिकटच असतो. (अंड्यावर येण्याच्या सुमारास तिचाही तुरा लाल होतो; म्हणून मोठ्या पक्ष्यात केवळ तुऱ्यावर जाऊ नये.) रानकोंबडीच्या रंगाच्या पिलांत आणखी एक खूण मिळते: नराच्या छातीवर काळी पिसे फुटू लागतात, मादीची छाती तपकिरीच राहते. पांढऱ्या अथवा निव्वळ काळ्या पिलांत या खुणेचा उपयोग नाही.

असील वळणाच्या कोंबड्यांचा तुरा मुळातच बसका असतो. तेथे घाई करू नये. दहा ते बारा आठवड्यांनी शेपटीच्या मुळाशी, पाठीवर येणारी पिसे हाताने उलगडून पाहावीत. नराची पिसे लांब, निमुळती व चकचकीत असतात; मादीची टोके गोलसर असतात. सर्व खुणांत हीच अधिक भरवशाची. आरवण्याची वाट पाहण्याचे कारण नाही; काही नर उशिरा आरवतात.

ग्रामसेवकांनी एक सोय करावी. राणीखेत रोगाची लस साधारण आठव्या आठवड्यात टोचली जाते. त्या वेळी प्रत्येक पक्षी हाती येतोच. तेव्हाच तुरा व छाती पाहून मादी वाटणाऱ्या पिलाच्या पायात रंगीत दोरा सैल बांधावा व संशयित पिले चार आठवड्यांनी पुन्हा पाहावीत. पाय वाढतो तसा दोरा रुततो, म्हणून तो आठवड्यास तपासून सैल करण्यास घरच्या बाईस सांगावे. कोंबड्यांची खरी राखण तीच करते.

पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत बंद पडला आहे. तेव्हा जादा नर पावसापूर्वीच बाजारात न्यावेत. माद्यांसाठी ठेवावयाचा एक नर शक्यतो दुसऱ्या गावच्या कळपातून अदलाबदलीने आणावा. घरचाच नर पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्यास पिले अशक्त होऊ लागतात.