तांबड्या खडकांचा मंडप

गावात भजन असो, कीर्तन असो की तमाशा असो, बसायला गेलेला माणूस दोन गोष्टी आधी बघतो. मागं बसलं तर ऐकू येईल का? आणि पुढच्याच्या पागोट्याआडून दिसेल का? ज्या जागी या दोन्ही गोष्टी साधतात, ती जागा चांगली. अशीच एक जागा दूर अमेरिकेत आहे. ती कुणी बांधली, त्याची ही हकिगत.

जागा कशी आहे

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचं डोंगराळ राज्य आहे. डेन्व्हर हे तिथलं मोठं शहर. शहरापासून सुमारे २४ किलोमीटरवर तांबड्या दगडाचे प्रचंड खडक उभे आहेत. दगडात लोखंडाचा अंश आहे, त्याच्या गंजानं रंग तांबडा झाला. म्हणून त्या जागेला 'रेड रॉक्स', म्हणजे तांबडे खडक, असं नाव पडलं.

दोन खडक समोरासमोर आहेत. प्रत्येक सुमारे ३०० फूट उंच. मधे उताराची जमीन. उताराच्या तळाशी तिसरा खडक आडवा पसरला आहे. म्हणजे निसर्गानंच तीन भिंती घालून दिल्या आणि वर आभाळाचं छत ठेवलं.

उघड्या माळावर हाक मारली तर आवाज चहूकडे पांगतो. इथं तसं होत नाही. खडक आवाज अडवून धरतात आणि बसलेल्या लोकांकडे वळवतात. १९०६ सालापासून वॉकर नावाच्या जागामालकानं तिथं तात्पुरता मंच घालून गाण्या-वाजवण्याचे कार्यक्रम केले. १९११ साली मेरी गार्डन ही नामांकित गायिका तिथं गायली. तिनंही जागेची फार वाखाणणी केली. पुढं डेन्व्हर शहरानं ही जागा विकत घेतली. पण उतारावर बसायची सोय नव्हती. ती करायची कुणी?

हाताला काम नव्हतं

१९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या. कारखाने बंद पडले. शेतमालाला भाव राहिला नाही. १९३३ पर्यंत चार कामगारांत एक जण बेकार झाला. धडधाकट पोरं कामासाठी गावोगाव हिंडू लागली.

त्या साली फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी तरुणांचं एक दल उभारलं. 'सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर' असं त्याचं नाव. झाडं लावायची, बांध घालायचे, रस्ते करायचे, ही त्याची कामं. नऊ वर्षांत सुमारे ३० लाख तरुण या दलात काम करून गेले.

महिना ३० डॉलर पगार. त्यातले २५ डॉलर घरी पाठवायचे, असा नियम. पोराच्या हाती पाचच उरत. पण घरची चूल पेटती राहिली. राहायला छावणी, पोटभर जेवण आणि अंगावर कपडा सरकारचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. छावण्यांत संध्याकाळी वर्ग भरत. हजारो तरुणांना तोवर आपलं नावही लिहिता येत नव्हतं. दिवसभर कुदळ चालवून ते रात्री पाटीपुढं बसले आणि लिहा-वाचायला शिकले.

दलात एक उणीवही होती. काळ्या वर्णाच्या तरुणांना बहुतेक वेगळ्या छावण्यांत ठेवत. बायकांना तर दलात घेतच नसत.

पाच वर्षांची मेहनत

१९३६ साली या दलाचे तरुण तांबड्या खडकांपाशी कामाला लागले. आराखडा बर्नहॅम हॉइट या वास्तुकारानं केला. त्याचं धोरण सरळ होतं. खडकांची शोभा झाकायची नाही. जमिनीचा उतार आहे तसाच वापरायचा. नदीच्या घाटाला पायऱ्या असतात, तशा बैठकीच्या रांगा एकीवर एक चढत गेल्या. मागची रांग पुढचीपेक्षा उंच. मग पागोट्याची अडचण कुणाला?

पोरांनी माती उपसली, दगड वाहिले, रांगा बसवल्या. बरंचसं काम कुदळ-फावड्यानं, हातानंच झालं. १५ जून १९४१ रोजी जागा लोकांना खुली झाली.

पुढची हकिगत

आज तिथं सुमारे ९,५०० माणसं बसतात. १९६४ साली 'बीटल्स' या प्रसिद्ध इंग्रज गायकांचा कार्यक्रम झाला. १९७१ साली मात्र दंगल झाली. तिकीट नसलेले लोक आत घुसू लागले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्यानंतर शहरानं पाच वर्षं तसल्या दणदणीत संगीताचे कार्यक्रम बंद ठेवले. २०१५ साली ही जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. जिथं ती पोरं राहिली ती छावणीही त्या स्मारकात धरली आहे. हे योग्यच झालं.

कार्यक्रम नसेल त्या दिवशी कुणीही जावं, पायऱ्या चढाव्यात, वर बसून लांबवरचं शहर बघावं. तिकीट लागत नाही. ज्यांना एके काळी कुणी काम देत नव्हतं, त्यांच्या हातचं हे काम आहे. ते हात रिकामे राहिले असते, तर तो उतार उताराच राहिला असता.

सांगा पाहू

१. तांबड्या खडकांत आवाज का पांगत नाही?
२. पगारातले २५ डॉलर कुठं जात? त्याचा काय उपयोग झाला?
३. छावणीतले तरुण रात्री काय शिकत?
४. तुमच्या गावात सर्वांनी मिळून केलेलं असं कोणतं काम आहे? त्याबद्दल पाच ओळी लिहा.