पलटणीची पदके कशी वाचावी?

आपल्या बेने इस्राएल समाजातील पुष्कळ घराण्यांचे पूर्वज मुंबईच्या पलटणींत सुभेदार, जमादार, हवालदार होते. 1796 साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही कंपनी सरकारच्या पलटणीतलेच. अशा पूर्वजांची पदके आज इस्राएलमध्ये कोणाच्या कपाटात, कोणाच्या जुन्या ट्रंकेत पडून आहेत. ती वाचावी कशी, हे आज थोडक्यात पाहू.

प्रथम पदकाची कडा पाहावी. तेथे बहुधा नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. पदक कोणाचे, याचा खरा पुरावा हाच. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर नाव मागील बाजूस असते. मात्र 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या पदकावर नाव घालून दिलेले नव्हते.

मग फितीवरील पट्टी पाहावी. पट्टीवर लढाईचे नाव असते. पण पट्टी नाही म्हणून शिपाई लढलाच नाही, असे समजू नये. 27 जुलै 1880 रोजी मैवंद येथे मुंबईच्या पलटणींनी फार मोठी हानी सोसली. लढाई हरल्यामुळे तिची पट्टी निघालीच नाही.

पहिल्या महायुद्धाचेही तसेच. एडनच्या रक्षणास हिंदी पलटणी होत्या. उत्तरेस जिझानच्या बाजूचे इद्रिसी यांनी 1915 साली एडनच्या इंग्रज रेसिडेंटशी तुर्कांविरुद्ध तह केला होता. पण या किनाऱ्यावर नोकरी केलेल्यांस वेगळे पदक नाही. फ्रान्स, मेसोपोटेमिया, एडन, बहुतेकांना तीच पदके! म्हणून पूर्वज कोठे होता हे पदक बहुधा सांगत नाही. पलटणीच्या नावावरून इतिहास शोधावा लागतो.

‘सरदार बहादूर’ किंवा ‘बहादूर’ ही नुसती मानाची हाक नव्हे. 1837 साली स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या त्या पदव्या होत. थडग्यावर अशी पदवी दिसल्यास टिपून ठेवावी.

आता दोन सूचना. पदक चिंच किंवा पावडर लावून घासू नये; घासून घासून कडेवरील नाव झिजते. आणि चांदीच्या मोलाने विकू नये. 1980 च्या जानेवारीत चांदी कडाडली तेव्हा पहिल्या महायुद्धाची कितीतरी चांदीची पदके वितळली गेली. त्यांच्याबरोबर नावेही गेली.

वाचकहो, येत्या सुट्टीत घरचे पदक काढा, भिंग घ्या आणि कडेवरची अक्षरे वहीत जशीच्या तशी उतरवा. इंग्रज कारकुनाने नाव वेडेवाकडे लिहिले असले तरी सुधारू नका. शेजारी घरातले खरे नाव व गावाचे आडनाव लिहा. नातवंडांना मराठी वाचता येत नसेल, तर हिब्रूतही लिहा. आपण आज लिहिले नाही, तर उद्या ते कोणाला ओळखता येणार?