सांसर्गिक गर्भपात : पेशीत दडणारा जंतू

सहा-सात महिन्यांची गाभण गाय एकाएकी गाभडली, म्हणजे धक्का लागला किंवा दृष्ट लागली असे सांगितले जाते. धक्का हे कारण कधी असेलही. परंतु त्याच गोठ्यात दुसरी गाय गाभडली, तर ब्रुसेला जंतूचा संशय घ्यावा. गाईंतील हा जंतू १८९७ साली डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग ह्यांनी शोधून काढला.

जनावराच्या अंगातील भक्षक पेशी जंतूंना गिळून पचवितात. ब्रुसेला मात्र गिळला गेल्यावरही तग धरतो. पेशीतील ज्या पिशवीत तो कोंडला जातो, तेथे आम्लता वाढते. अन्न व प्राणवायू तुटपुंजे असतात. तेव्हा तो वाढ आवरतो, थोड्या प्राणवायूवर भागवितो, आणि वाढती आम्लता हीच खूण समजून निसटण्याची सामग्री तयार करतो. पुढे पेशीच्याच सुरक्षित भागात पोचून तो वाढू लागतो. नांगरटीनंतरही जमिनीत जिवंत राहणाऱ्या हरळीच्या काश्यांसारखाच हा प्रकार होय. औषधे तेथे पुरेशी पोचत नसल्याने बाधित गाईवरील उपचार व्यवहार्य ठरत नाहीत.

गाभण गाईत त्याला निराळेच खाद्य मिळते. तिच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो. ग्लुकोजपेक्षाही हा जंतू तो अधिक आवडीने वापरतो, व म्हणूनच वारेत बेसुमार वाढतो, असे ब्रिटनमधील संशोधकांनी १९६२ साली दाखविले. वार बिघडली की गर्भाचे पोषण तुटते. पुढील वेत बहुधा सुरळीत होते. तथापि वार, स्राव व दूध यांतून जंतू बाहेर पडू शकतात. अशी गाय बरी झाली म्हणून बाजारात नेणे म्हणजे रोग विकणेच होय.

अडकलेली वार हाताने काढणारे जाणकार गावोगावी आहेत. त्यांच्या कसबाविषयी आदर बाळगूनही सांगणे भाग आहे की, उघड्या हाताने हे काम करू नये. माणसास येणारा ताप महिनोन्‌महिने उलटत राहतो. पडलेला गर्भ व वार चुना घालून खोल पुरावी, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये. दूध उकळूनच प्यावे.

प्रतिबंधक लसीतील एकोणीस क्रमांकाच्या सौम्य वाणाची वाढ एरिथ्रिटॉलने उलट खुंटते. अर्थात त्याचा सौम्यपणा एवढ्यावरच अवलंबून आहे, असे नव्हे. ही लस ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींस व पारड्यांस आयुष्यात एकदाच, पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्यावी; नरास वा गाभण गाईस देऊ नये. दिवाळीत जन्मलेल्या कालवडीची मुदत शिमग्याच्या सुमारास सुरू होते व आषाढ लागता संपते.